शास्त्रीय कारणे लिहा

व्हीनस कॉर्नरच्या सिग्नलला माझ्या शेजारी थांबलेल्या माणसाने मान वळवली आणि मावा थुंकला. थुंकी रस्त्यावर पडली, पण दोन-तीन थेंब माझ्या उजव्या मनगटावर उडाले, घड्याळाच्या पट्ट्याला लागून. कोमट होते. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "सॉरी बरं का ताई, वारं हाय," म्हणजे चूक वाऱ्याचीच, आणि हिरवा लागायच्या आत निघून गेला. एरवी मी त्याच्या मागे गाडी घातली असती. वीस वर्षं मी शाळेत शिकवते आहे, रस्त्यावरच्या माणसाला झापायला मला माइक लागत नाही. पण तोंड उघडायला गेले तर जीभ टाळूला चिकटलेली. ती सोडवायलाच दोन क्षण गेले. आणि त्या दोन क्षणांत माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की किती पाणी आहे या माणसाच्या तोंडात. सकाळपासून थुंकत असेल, रात्रीपर्यंत थुंकेल, आणि तरी संपणार नाही. मला चक्क हेवा वाटला. मावा खाणाऱ्याच्या थुंकीचा हेवा. मग त्या हेव्याचीच अशी शिसारी आली की गाडी कडेला घेऊन बाटलीतलं सगळं पाणी मनगटावर ओतलं, आणि रिकामी बाटली हातात धरल्यावर लक्षात आलं की आता घरी पोचेपर्यंत प्यायला घोटभरही राहिलं नाही.

या गावाला थुंकायला कारण लागत नाही. जिन्याचा कोपरा, एसटीची खिडकी, दवाखान्यातली कुंडी, कुठेही लाल. पूर्वी मी ते पाहून नुसती तोंड फिरवायची. गेलं वर्षभर मात्र मी थांबून पाहते. अर्धी भाकरी पाण्याच्या तीन घोटांशिवाय घशाखाली उतरत नाही. जिभेला भेगा पडल्यात, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या. वर्गात धडा वाचताना ओठ दातांना चिकटतात. तोंडाला एक वास येतो, बंद डब्यात विसरलेल्या कणकेसारखा, आणि तो मला स्वतःलाच येतो, त्यामुळे मी माणसांशी बोलताना हात तोंडापुढे धरते. लोकांना वाटतं, बाई मवाळ झाल्या. डोळ्यांत वाळू. सकाळी पापणी उघडताना ती बुबुळावरून सोलून निघते असं वाटतं. आणि आता या सगळ्याला एक नाव मिळालं होतं, ते गाडीच्या डिकीत होतं, दवाखान्याच्या पिवळ्या पाकिटात.

तासाभरापूर्वी मी डॉक्टर तेजस्वीच्या खोलीत बसले होते. तेजस्वी माझीच विद्यार्थिनी, नववी-दहावीला विज्ञान माझ्याकडे. आता ती सांध्यांची आणि असल्या किचकट आजारांची डॉक्टर झाली आहे. ती मला मॅडम म्हणते, मी तिला अगं-तुगं करते, त्यामुळे तिच्यासमोर आ करून जीभ दाखवायची मला फार शरम वाटते. पंधरा दिवसांपूर्वी तिने माझ्या दोन्ही खालच्या पापण्यांत कागदाची एकेक पट्टी अडकवली होती. पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा. पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, जेवढं पाणी येईल तेवढा कागद भिजतो. मी बसले. बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं, अगदी गळा काढून. पाच मिनिटांनी तिने पट्ट्या काढल्या. "उजवा दोन, डावा तीन," ती म्हणाली. मी विचारलं, "कितीला पास?" ती म्हणाली, "पंधरा तरी हवेत मॅडम." म्हणजे सपशेल नापास. मग खालच्या ओठाच्या आतून मसुराएवढा तुकडा कापून काढला, दोन टाके घातले, आणि आठवडाभर माझी जीभ त्या दोऱ्याच्या गाठीशी चाळा करत राहिली. 

आज तिने निदान सांगितलं. शोग्रेन म्हणतात त्याला. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथींवर उलटते, डोळ्यांच्या, तोंडाच्या. रक्तात रो नावाची प्रतिपिंडं सापडलीत, भरपूर. "तुमचं शरीर स्वतःच्याच पेशींना परकं समजतंय मॅडम," असं ती हळू आवाजात म्हणाली, आणि मला तिचा राग आला. असली वाक्यं ऐकायला बरी असतात. वीस वर्षं मीच फळ्यावर पांढऱ्या पेशींच्या हातात भाले काढून देत आले, शरीराचे शूर सैनिक म्हणून, आणि पोरं खूश व्हायची, छत्रपतींच्या गादीचं गाव आमचं, सैनिक म्हटलं की पाठ सरळ. हे सैनिक एक दिवस मागे वळून स्वतःच्याच गल्लीत घुसतात, हे त्या धड्यात नाही. मी विचारलं, "कारण काय?" ती म्हणाली, "एक कारण नसतं. थोडं जन्मतः आलेलं असतं, थोडं बायकांच्या हार्मोनचं, कधीतरी येऊन गेलेला एखादा विषाणू असेल. नक्की कशाने सुरू होतं ते कुणालाच माहीत नाही." मी म्हटलं, "हे उत्तर तू पेपरात लिहिलं असतंस तर मी शून्य दिलं असतं." ती हसली. "दिलं असतंत, माहितेय की. पण खरं उत्तर हेच आहे."

शास्त्रीय कारणे लिहा, कोणतीही दोन. माझ्या आयुष्यात हा प्रश्न मी किती हजार वेळा तपासला असेल. कारण चुकलं तर गुण नाही. 'देवाची करणी' लिहिणाऱ्या एका पोरीला मी वर्गासमोर उभं केलं होतं. आमच्या घरातच ते होतं. माझे वडील, आबा, लाल बावट्याचे. गावात अंगात येणाऱ्या बायकांना ते भर चौकात प्रश्न विचारायचे. माझं नाव क्रांती ठेवलं. कुणी म्हणालं, नवस केला आणि पोरगा झाला, तर आबांचं एकच वाक्य, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ." ते मी आईच्या दुधाबरोबर प्यालेलं. त्यामुळे तेजस्वीच्या त्या 'कुणालाच माहीत नाही'ने मला आजारापेक्षा जास्त त्रास झाला. आणि मी उठणार तोच तिने कागद पुढे ओढला आणि अगदी सहज, वजन-उंची विचारावी तसं विचारलं, "मॅडम, आधीच्या गरोदरपणाचं काही? मुलं?" मी म्हटलं, "एक. राहिली नाही. अकरा तास जगली." तिचं पेन थांबलं. "कशामुळे गेली?" "हृदयाचे ठोके कमी होते. सातव्या महिन्यात सोनोग्राफीत कळलं." "किती होते, आठवतंय?" मला आठवत होतं. माणूस स्वतःचा फोन नंबर विसरेल. "पंचावन्न," मी म्हटलं.

तेजस्वीने पेन खाली ठेवलं. मग तिने जे सांगितलं ते सावकाश सांगितलं, मधेच पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवत. ही जी प्रतिपिंडं आहेत ती वारेतून बाळाच्या रक्तात जाऊ शकतात. काही बाळांच्या काळजाच्या ठोक्यांची वाट ती बंद करतात, पाचव्या-सहाव्या महिन्यातच. आईला तेव्हा काहीही होत नसतं. आजार नंतर येतो, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी. "तेव्हा ही तपासणी कुणी केली नसणार. आता जुने कागद नाहीत, त्यामुळे खात्रीने नाही म्हणता येणार, पण शक्यता फार मोठी आहे." मग म्हणाली, "यात तुमची काही चूक नाही मॅडम." मी मान हलवली. माझ्या चुकीचा विचार मी करतच नव्हते. मी एका स्टीलच्या पेल्याचा विचार करत होते.

पेला उभट होता, काठाला पोचा. त्यात काळपट पाणी, वर तेलकट साय धरलेली, आणि तिच्यात एक बारीकसा केस. माझं सहावं सरत आलेलं, पाय सुजलेले. सासूबाई शिरोळकडच्या गावाहून बाळंतपणासाठी म्हणून आधीच येऊन राहिल्या होत्या, अंबूबाई नाव त्यांचं, आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. आत्तींनी पदराच्या गाठीतून कसलीशी पुडी काढली, उकळली, आणि पेला पुढे केला. "घे गं, पायाचं पानी उतरतंय." मी नाक दाबून प्याले. का प्याले, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. त्या दिवशी भांडायचा कंटाळा आला होता, एवढंच. पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. पंचावन्न. मग आठव्यात बाळंत झाले, निळसर पोर, मूठ उघडी, अकरा तास. पाचव्या दिवशी माणसं जमली तेव्हा आबांनी विचारलं, "हिला खायला-प्यायला काय दिलं होतं?" आणि आत्ती, काही लपवायचं असतं हे गावीही नसलेली ती बाई, म्हणाली, "काढा दिलता की, पाय सुजलंतं म्हनून." आबा उभे राहिले. त्यांनी तिला जे प्रश्न विचारले ते चौकात अंगात आलेल्या बाईला विचारायचे तसलेच. कशाचा काढा, कुणी सांगितला, प्रमाण किती, कोणत्या डॉक्टरला विचारलं. ती काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होती. मी भिंतीला टेकून बसले होते, छातीतून दूध गळून झंपर ओला झालेला, आंबूस वास येत होता. आणि मी म्हटलं, "हिनंच मारलं माझ्या पोरीला." माझा आवाज अगदी साधा होता. उत्तर सापडल्यावर येतो तसा.

कावळा बसला, फांदी मोडली. त्या दिवशी आबांना त्यांचं वाक्य आठवलं नाही. मलाही नाही. गावठी पुडी, अडाणी बाई, आणि मेलेलं मूल, एवढं एका खोलीत असताना आम्हा बुद्धिवादी बापलेकींना आणखी पुराव्याची गरजच वाटली नाही.

मी घरी पोचले तेव्हा धैर्यशील, माझा नवरा, मटण रटरटत ठेवून कांदा चिरत होता. बुधवार. तो पाटबंधारे खात्यात आहे, बुधवारी लवकर येतो आणि स्वयंपाक त्याचा असतो. घरभर चरबीचा वास. त्याने विचारलं, "काय म्हणाली तेजस्वी?" मी म्हटलं, "कोरडेपणाचा आजार आहे. जन्मभराचा. गोळ्या आहेत, थेंब आहेत." तो म्हणाला, "बरं, जिवाला धोका न्हाई ना," आणि माझ्यासाठी पांढरा रस्सा वेगळा काढला, मिरी न घातलेला. तांबडा मला आता नुसत्या वासाने जाळतो. समोर बसून तो जेवत होता. भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून, बोटं चाटून, नळी फोडून आतला मगज ओढत होता. तो आवाज. त्याच्या ओठांवर तर्रीचा लाल थर, तोंडात लाळ सुटलेली मला ऐकू येत होती. चांगला माणूस आहे. अठरा वर्षांत तो मला एकदाही आईवरून बोललेला नाही. दर अमावस्येला सामान घेऊन गावाला जातो, तिच्याजवळ बसून येतो, आणि घरी आल्यावर आधी अंघोळ करतो, कारण एकदा मी म्हटलं होतं, मिश्रीचा वास येतोय तुझ्या शर्टाला. तेव्हापासून तो तिचा वास धुऊन घरात येतो. त्याला नळी ओढताना बघून मला ओकारी आली, आणि ती त्याची नव्हती, माझी होती.

मी त्याला काही सांगितलं नाही. चार दिवस सांगितलं नाही. त्या चार दिवसांत मी 'शक्यता' हा एक शब्द चघळत होते. खात्री नाही म्हणाली ना तेजस्वी. कागद नाहीत म्हणाली. मग कशाला उकरायचं. म्हातारी पंच्याहत्तरच्या पुढे गेली. असं म्हटलं की जरा बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच स्वतःचा वास यायचा, तो बंद डब्यातला. कारण पुडीची खात्री तर याहूनही कमी होती; आबा मरेपर्यंत छातीठोक बोलत राहिले, एवढंच. तेव्हा मी खात्री मागितली नव्हती. नुसत्या संशयावर मी अठरा वर्षं घर चालवलं. माझा तो द्वेष म्हणजे रोजचं जेवण होतं, आणि मला चविष्ट लागत होतं. एकोणीसच्या महापुरात कृष्णेचं पाणी तिच्या माळ्यापर्यंत चढलं. धैर्यशील दारात उभा, ओला, म्हणाला, "आईला आठ दिवस आणू काय इथं?" मी म्हटलं, "आण. मी माहेरी जाते." मग ती सोळा दिवस एका शाळेच्या वर्गात राहिली, शंभर माणसांत, एका नळावर. माझ्याच सारख्या कुठल्यातरी शाळेच्या. त्याच आठवड्यात मी आमच्या शाळेतून पूरग्रस्तांसाठी चादरी गोळा केल्या आणि फोटोत उभी राहिले.

आजाराचं कळल्यावर फोन सुरू झाले. ज्याच्या-त्याच्याकडे कारण तयार. फ्रिजचं पाणी. सकाळी उपाशीपोटी चहा. मोबाइल. माझी चुलत जाऊ संयोगिता म्हणाली, "कुणाची तरी हाय लागली असंल ताई, मी आपलं बोलून दाखवते." एरवी मी तिला फाडून खाल्लं असतं. मी फोन ठेवला. हाय. अठरा वर्षं मी पाळलेला माझा शास्त्रीय निष्कर्ष आणि तिची हाय, दोन्हींना आधार तेवढाच होता. शनिवारी मी आठवीचे पेपर तपासत बसले. एकाने लिहिलं होतं, 'पाऊस पडला म्हणून बेडूक ओरडले आणि बेडूक ओरडले म्हणून पाऊस पडला.' लाल पेन हातात धरून मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसले. मग उठून धैर्यशीलला म्हटलं, "उद्या मी गावाला जाते. आत्तींकडे." तो चपला घालत होता. त्याचा एक पाय तसाच वर राहिला. "कशाला?" "बोलायचंय." "मी येऊ?" "नको." त्याने आणखी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय गेल्या सोमवारी. डोळ्यावर जाळी हाय. घाबरू नकोस." मला माहीत नव्हतं. म्हणजे तो तिला ऑपरेशनला घेऊन गेला होता, आणि घरी येऊन अंघोळ केली होती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, त्याच्या मधून गाव. घर मी ओळखलं ते भिंतीवरच्या पुराच्या रेघेवरून नाही, सगळ्याच भिंतींवर ती होती, तर दारातल्या चाफ्यावरून. दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती, पन्नाशीची, डोक्यावरून ओढणी. म्हणाली, "कुनाकडं आलाय पावणं?" मी म्हटलं, "अंबूबाईंकडे. मी त्यांची सून." तिने सूप खाली ठेवलं. आमच्याकडच्या बायका स्वतःला आलो-गेलोच म्हणतात, तशी ती म्हणाली, "सून हाय म्हनून ऐकून हुतो." मग मला नीट बघून घेतलं. "मी खतिजा. शेजारी ऱ्हातो. पानी आलतं तवा आमच्या पोरांनी काढली तिला गुळाच्या काहिलीत बसवून. थेंब मीच घालतो तिच्या डोळ्यात, दिसातनं चार बार." यात टोमणा नव्हता. ती हिशेब सांगावा तसं कामं सांगत होती. मी चप्पल काढली. आतून आवाज आला, "कोन हाय गं?" मी म्हटलं, "मी क्रांती." आत काहीतरी पडलं, तांब्या असेल. मग ती म्हणाली, "धैर्याला काय झालं माझ्या?"

तिच्या दृष्टीने मी दुसऱ्या कशासाठी येणार होते? मी घाईघाईने म्हटलं, "काही नाही, ते बरे आहेत, अगदी बरे आहेत." ती खाटेवर बसली होती, केवढीशी झालेली. डाव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळी चिकटवलेली, बोटांना मिश्रीचा काळा डाग, ओठाच्या कोपऱ्यात वाळलेला फेस. तो वास माझ्या अंगावर आला, शर्टातून येत असे तो. मला वाटलं होतं की खरं सांगायला आलेल्या माणसाची किळस दारातच उतरत असेल. उतरली नाही. मी तिच्यासमोर पाटावर बसले. डोळे आगीसारखे जळत होते, धूळ गेली होती. पर्समध्ये थेंबांची बाटली होती. मी ती काढली नाही. आत्ता हिच्यासमोर गालावरून पाणी ओघळलं तर ते काय वाटेल हे मला कळत होतं, आणि तेवढी लबाडी तरी मला करायची नव्हती.

"आत्ती," मी म्हटलं, "बाळ गेलं ते तुमच्या काढ्यानं नाही." तिने जाळी नसलेला डोळा माझ्याकडे वळवला. "मला एक आजार निघालाय. माझ्या रक्तात दोष आहे, तेव्हापासूनच होता. तो पोटातल्या बाळाच्या काळजाला लागला. डॉक्टर म्हणतात, बहुतेक त्यानंच. काढा प्याले नसते तरी हेच झालं असतं." बोलता बोलता जीभ चिकटली. खतिजाने न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि बाहेर गेली. आत्तीने विचारलं, "कशानं झाला त्यो दोष?" मी म्हटलं, "माहीत नाही." "डाक्टरला?" "त्यांनाही नाही." "असं कसं," ती म्हणाली. "कारन असतंय की." मी मान खाली घातली. या घरात तरी मी हे वाक्य ऐकेन असं वाटलं नव्हतं.

ती बराच वेळ बोटावरचा काळा डाग अंगठ्याने घासत राहिली. मग म्हणाली, "धनं, बडीशोप आनि गोखरू हुतं त्यात. धैर्याच्या येळंला मी सोता पिलंतं. माझ्या सासूनं दिलतं." मी म्हटलं, "मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?" "सांगत हुतो की. तुझं आबा म्हनलं, तुमी गप बसा, तुमाला कळत न्हाय." ते खरं होतं. मला तो तिचा हलणारा ओठ आठवत होता, आणि त्यातून काय येतंय ते ऐकायची मला तेव्हा गरज वाटली नव्हती. ती पुढे म्हणाली, "पैलं पैलं वाटायचं, काय बी बोलत्यात. मग वाटाय लागलं, एवढी शिकलेली मानसं म्हनत्यात तर असंल. चुकून दुसरंच काय पडलं असंल हातनं. धुंडून धुंडून बगिटलं, काय पडलं असंल. तवापास्नं मी कुनाला काय दिलं न्हाय. लेकीच्या बाळंतपनाला ती बलवून बलवून दमली, गेलो न्हाय. हिचा नातू हाय, खतिजाचा, रांगत येतोय खाटंपतोर. मी पाय वर घेतो. हात लावत न्हाय." तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, आणि जाळीखालच्या डोळ्यातूनही असेल, कारण जाळीच्या कडेने गालावर ओल उतरली. किती सहज येत होतं. मी म्हटलं, "आत्ती, माझं चुकलं. मला माफ करा." ती म्हणाली, "ते काय मला जमायचं न्हाय." राग नव्हता त्यात. पोतं उचलणार नाही म्हणावं, तसं म्हणाली.

मग तिने विचारलं, "चार वाजलं काय? थेंब घालायचं हाईत. खतिजा गेली व्हय?" मी उठले. हात धुतले, दोनदा, साबणाने, कुडाच्या ताटीमागच्या मोरीत. जाळी काढली, ओल्या कापसाने पापणी पुसली. पिवळं चिपड बोटाला लागलं. किळस आली नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण आली, आणि तरी मी पापणी खाली ओढून थेंब टाकला, कारण तो टाकायचा होता. तिने डोळा मिटला. मला माझे डोळे आता सोसवेनात. पर्स उघडून माझी बाटली काढली. "ह्ये काय?" तिने त्या एका उघड्या डोळ्याने पाहत विचारलं. मी म्हटलं, "माझे थेंब. माझ्या डोळ्यात पाणीच येत नाही. त्याच आजारानं." आणि मग, का ते मला सांगता येणार नाही, कारण लिहा म्हणाल तर मी शून्य घेईन, मी ती बाटली तिच्यापुढे धरली. "तुम्ही घाला."

तिने हात पुढे केला.  बाटलीला बोटं लागली आणि तिने हात पटकन मागे घेऊन पदराखाली घातला. "नगं बाई," ती म्हणाली. "उद्या तुझं डोळं गेलं म्हंजे?"

 मान मागे टाकून मीच थेंब घातले, हात हलला, जास्त पडले, आणि दोन्ही गालांवरून खाली ओघळले. ती माझ्याकडे बघत होती. बाहेर खतिजाच्या बांगड्या वाजल्या, ती परत येत होती, कडेवर नातू असावा, तो काहीतरी बडबडत होता. आत्तीने पाय खाटेवर उचलून घेतले.

"पूस ते आधी," ती मला म्हणाली. "खतिजा बघंल तर म्हनंल, म्हातारीनंच रडीवलं."